अर्ध्या खोप्याचा कारागीर

सुगरण पक्ष्यांच्या राज्यात पुरा खोपा बांधून मग संसार मांडायची पद्धत नव्हती. नराने पाण्यावर झुकलेल्या बाभळीला अर्धाच खोपा टांगायचा. वर घुमट, मध्ये एक कडं आणि खाली सगळं उघडं. मादीने तो चोचीने ओढून पाहायचा आणि पसंत पडला तर कड्यावर बसायचं. मग नराने तळ विणायचा, अंड्यांची खोली करायची. न विणलेला अर्धा भाग म्हणजे दिलेला शब्द होता आणि तो पाळला जाईल, असं सगळेच धरून चालत.

धागोजी नावाच्या नराला तरुणपणी कोणी पसंतच करीना. त्याला स्वतःच्या विणीचं भारी कौतुक. घुमटावर नक्षी काढी, मध्येच पिवळी फुलं खोवी, आणि माद्या फुलांकडे ढुंकूनही न बघता शेजारच्या ओबडधोबड खोप्यात जाऊन बसत. धागोजी रुसून बसे. शेवटी नकार देऊन निघालेल्या एका वयस्क मादीला त्याने विचारलंच, "मावशी, कमी काय पडलं?"

"तू किती हुशार आहेस ते दिसलं बाबा," ती म्हणाली. "माझी पिल्लं कुठे निजणार, ते नाही दिसलं."

हे त्याच्या मनाला लागलं, आणि बरं झालं लागलं. त्याने फुलं टाकून दिली. वारा कुठून येतो, साप कोणत्या फांदीवरून उतरतो, येणारीला धास्ती कशाची असते, हे तो बघायला लागला आणि त्याप्रमाणे विणायला लागला. त्या हंगामात त्याचा खोपा पसंत पडला. तळ त्याने जीव ओतून विणला, आणि त्याच उबेत त्याची लेक कुसळी अंड्यातून बाहेर आली. गडी इथे थांबला असता तर किती बरं झालं असतं.

पण शिकायची गोडी लागली की ती कुठे थांबावी हे कळत नाही. धागोजीने पुढे हेरलं की माद्या सगळीकडे ओढून बघत नाहीत. घुमटाची गाठ, कड्याचा जोड आणि उंबरठ्याची कड, एवढंच बघतात. तिथे दुहेरी पीळ घातला की काम फत्ते. बाकीची वीण सैल राहिली तरी कोणी विचारत नाही.

त्याचं नाव झालं. ज्यांना गवताची काडी धड चिरता येत नव्हती, असे नर त्याच्याकडे यायला लागले. त्यांतला डुलोबा तर दिवसभर फांदीवर झोके घेणारा. "काका, तुम्ही फक्त वरचं विणून द्या," तो म्हणाला, "खालचं बघू मग." धागोजीने विणून दिलं. कोणी कोणासाठी विणलं हे बाहेर बोलायचं नाही, असा या कामाचा शिरस्ता होता. हंगामामागून हंगाम तो दुसऱ्यांचे घुमट विणत राहिला आणि एकही नाकारला गेला नाही, म्हणून छाती फुगवत राहिला. त्यांचे तळ कोण विणतं, हे बघायला तो कधी गेला नाही. खाली पाण्यावर अंड्यांची टरफलं तरंगताना दिसत. यंदा वारा फार आहे, असं सगळे म्हणत, आणि तोही म्हणे.

मग कुसळी वयात आली. ती डुलोबाच्या नव्या खोप्यापाशी गेली, ठरलेल्या जागी ओढून पाहिलं आणि हरखून ओरडली, "बाबा, बघा तरी, किती घट्ट आहे! कोणी विणला असेल हो?"

डुलोबा दुसरीकडे बघत शीळ घालत होता. एका शब्दाने काम झालं असतं. पण भोवती सगळं राज्य जमलेलं, आणि एवढ्या वर्षांचं नाव. धागोजी म्हणाला, "छान आहे." हे दोन शब्द त्याला जन्मभर खात राहिले.

डुलोबाने तळाच्या नावाखाली चार काड्या अडकवल्या, त्याही गळून पडल्या. कुसळीचे दिवस भरत आले. ती कड्यावर पंजे रोवून बसून राहिली, कारण खाली नुसतं पाणी होतं. तेव्हा लाजलज्जा बाजूला ठेवून धागोजी आला. "हल बाजूला," तो डुलोबाला म्हणाला, "तळ मी विणतो."

तो दिवसभर राबला. लेकीसाठी इतक्या कळवळ्याने त्याने कधीच विणलं नव्हतं. चोच आपसूक चालत होती, गाठ, पीळ, जोड. उन्हं उतरल्यावर तो दमून मागे सरला आणि त्याने पाहिलं. कुसळीच्या कड्याला लागून एक नवा खोपा लोंबत होता. वर सुरेख घुमट, मध्ये कडं, खाली सगळं उघडं.

"बाबा," कुसळीने हळूच विचारलं, "आणि तळ?"

धागोजीने पुन्हा काडी उचलली. ती कुठून ओवायची, हे त्याला काही केल्या आठवेना. तेवढ्यात कुसळीच्या कड्यावरून काहीतरी लहानसं, पांढरं खाली पाण्यात पडलं.

पलीकडच्या फांदीवरून एक अनोळखी मादी उडत आली. तिने नव्या खोप्याची गाठ ओढली, जोड ओढला, उंबरठा ओढला, आणि खूश होऊन कड्यावर जाऊन बसली.