नर अप्राप्त

“आणि नर?”

केरकर सरांनी डबी अजून उघडलीसुद्धा नव्हती.

“नर मिळाला नाही,” ऋजुता म्हणाली.

“मग मला हे कशाला दाखवतेस?”

डबी टेबलावर तशीच राहिली.

सरांकडे शिकायला आली त्या पहिल्या दिवशी तिला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. नर हाती आल्याशिवाय माशीच्या नव्या जातीला नाव द्यायचं नाही. आणि नमुन्यांचा ड्रॉवर उघडा ठेवायचा नाही. घाटमाथ्याची हवा दमट, बुरशी धरते. पाहायचं आणि मिटायचं. दोन्ही बाबतीत का, असं विचारायचं नाही.

घरात का, कॉलेजात का, देवळाच्या पायरीवर का, असं विचारत वाढलेली ही मुलगी. इथे मात्र तिने जीभ आवरली होती. कारण माश्यांच्या विद्येत सरांच्या वरचढ माणूस तिला ठाऊक नव्हता. बंद पडलेल्या आरोग्यधामाच्या एका खोलीत म्हातारा आपली कपाटं घेऊन बसला होता. एक डोळा मोतीबिंदूने गेलेला. त्याच्या दुसऱ्या डोळ्याला जे दिसे, ते इतरांना भिंगातूनही दिसत नसे.

खिडकीशी भिसेकाका बसले होते. निवृत्त वनाधिकारी, फुलपाखरांचा माणूस. रोज दुपारी चहाला येत आणि धुकं उतरायच्या आत परतत. आज धुकं दुपारीच उतरलं होतं, म्हणून अडकले होते.

“नाचमाशीच ना?” त्यांनी विचारलं. “पाण्यावर खालीवर करतात त्या?”

“हो.”

“मग नर सापडायला काय अडचण? त्या मेल्यांचा तर सगळा खेळच तो. नराने चिलट मारायचं, मादीपुढे नाचवत न्यायचं, तिने ते खायचं, खाईपर्यंत लग्न लागायचं. मांडवात नवरदेव नाही असं कधी होतं का?”

“माझ्या मांडवात नाही, काका.”

“तुझ्या मांडवाचं तुझी आई बघेल. मी माशीचं विचारतोय.”

ऋजुता हसली नाही.

“सर, वर्णन तरी ऐका.”



सरांच्या खोलीत एक रीत होती. नवी जात म्हणून जे कोणी आणेल, त्याने तिचं वर्णन मोठ्याने वाचायचं. ऐकणाऱ्याने माशी न पाहता तिचं चित्र काढायचं. चित्र आणि माशी जुळली तर वर्णन खरं. नाही जुळली, तर घरी जाऊन पुन्हा बघायचं. या रीतीपायी कितीतरी हुशार मुलं रडत घरी गेली होती.

“भिसे,” सर शेवटी म्हणाले, “पेन्सिल घे.”

ऋजुताने वाचायला सुरुवात केली. शरीर तीन मिलिमीटरांहून किंचित मोठं. छाती काळी, वर राखेची झाक. सोंड डोक्याहून लांब, खाली वळलेली. पंख धुरकट, टोकाशी गडद. मागचे पाय साधे, त्यांवर पिसांसारखे केस नाहीत. पुढच्या पायांच्या मांड्या जाड. आतल्या बाजूला काट्यांच्या दोन ओळी, मिटल्या की एकमेकींत बसणाऱ्या...

“थांब, थांब.” भिसेकाकांनी पेन्सिल उचलली. त्यांचा चेहरा उजळला होता. “लबाड आहेस की गं. सापडलाय तुला नर.”

“काका, अजून...”

“अगं, हे पकडायचे पाय. शिकाऱ्याचे. मादीला काय करायचेत? तिला बसल्या जागी मिळतं. केरकर, पोरीने आपली चेष्टा केली.”

सर पुढे झुकले. त्यांचा चांगला डोळा बारीक झाला.

“पोटाचं टोक वाच,” ते म्हणाले.

“टोक निमुळतं,” ऋजुताने वाचलं. “आत अंडी. पक्व.”

...

भिसेकाकांनी आपल्याच चित्राकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणी काढलं असावं.

सरांनी डबी उघडली. माशी भिंगाखाली घेतली. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. केली तेव्हा चित्र मागून घेतलं, माशीशेजारी धरलं, आणि परत दिलं.

“जुळतं,” ते म्हणाले.

ऋजुता टेबलाशी सरकली. “म्हणजे नवी आहे, सर?”

“मी जुळतं म्हणालो.”

“शिकार तीच करते. मी पाहिलंय. कड्यावरून पाझर उतरतो ना, घाटातल्या दुसऱ्या वळणावर, तिथे. पाण्याच्या पडद्यावरून चिलट उचलते आणि ओल्या दगडावर बसून खाते. कोणी आणून देत नाही. तिथे सगळ्या माद्याच होत्या.”

“तुला माद्याच दिसल्या.”

“सगळा हंगाम त्या कड्याखाली भिजत बसले, सर. तापात बसले. नर असता तर...”

“नर असतो,” सर म्हणाले. “बघणाऱ्याकडे दम नसतो.”

सर आवाज कधी चढवत नसत. त्यांना त्याची गरज पडत नसे.

“मी तुझ्या वयाचा असताना एका मादीला नाव दिलं,” ते पुढे म्हणाले. “नवी जात म्हणून. फार वाहवा झाली. पुढे कळलं, तिच्या नराचं वर्णन कुणीतरी आधीच करून ठेवलंय. एकाच घरातली दोघं, मी त्यांच्या दोन जाती करून ठेवल्या. ते निस्तरण्यात माझं तारुण्य गेलं. तेव्हापासून मी थांबतो.”

ते उठले. कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेले आणि सगळ्यांत खालचा ड्रॉवर ओढला. तो सहज निघेना. भिसेकाकांना हात लावावा लागला.

डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला.

आत माश्या होत्या. रांगांमागे रांगा. प्रत्येक टाचणीखाली चिमुकली चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर सरांच्या नेटक्या अक्षरात तेच दोन शब्द. नर अप्राप्त. पुढच्या चिठ्ठ्यांवरची शाई काळी होती. मागे मागे जाताना ती तपकिरी होत गेली होती.

“थांबणं कशाला म्हणतात ते बघ,” सर म्हणाले.

सगळ्यांत पुढच्या रांगेच्या टोकाला एक जागा मोकळी होती. सरांनी तिथे बोट ठेवलं.

“ही तुझ्या माशीची. इथे लाव. नर मिळेल त्या दिवशी तू नाव दे. मी स्वतः सही करीन.”

ऋजुता खाली वाकली. मोकळ्या जागेकडे तिने पाहिलंच नाही. ती मागच्या रांगा पाहत होती.

“ही कुठली, सर?”

“देवराईतली. खालच्या गावच्या.”

“राई आहे?”

“...तोडली.”

“आणि ही?”

“नदीकाठची.”

“कुठल्या नदीच्या?”

“धरणाखाली गेला तो काठ,” भिसेकाका मध्येच म्हणाले. “तुझ्या जन्माच्या आधी.”

“ही?”

सर चिठ्ठीवरची शाई बघत राहिले.

“ही, सर? ही निळसर पंखांची?”

“पुरे कर, पोरी,” भिसेकाका म्हणाले. “झडती घ्यायला आलीस का?”

ऋजुता सरळ उभी राहिली. तिने डबी उचलून मुठीत धरली होती.

“दुसऱ्या वळणावरचा कडा परवा उडवला,” ती म्हणाली. “रस्ता रुंद करतायत. मी काल गेले होते. खडीचा ढीग आहे तिथे. पाझर आटलाय.”

तिने सरांकडे पाहिलं.

“आता सांगा. नर कुठून आणू?”

“दुसरीकडे कुठे असेल,” सर म्हणाले. पण हे वाक्य त्यांनी ड्रॉवरकडे पाहून म्हटलं. “दुसऱ्या कड्यावर. कधीतरी कुणाला...”

“मिळाला तर माझी चूक निघेल. निघू दे. चारचौघांत काढा, माझ्या नावावर काढा. तुम्ही निस्तरलंत तसं मीही निस्तरीन. पण निस्तरायला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं.”

“जपून बोल,” भिसेकाका म्हणाले. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. “केरकरांच्या सहीवाचून तुझा कागद कुणी हातात धरणार नाही. आणि इथून अशी गेलीस, तर परत येणं नाही. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“मग हट्ट सोड. एक टाचणी टोचायचीय.”

सरांनी कपाटावरची चिमटी घेतली. तिच्यापुढे धरली.  

“लाव, ऋजुता.”

तिने चिमटीकडे पाहिलं. याच चिमटीने तिला पहिली माशी उचलायला शिकवलं गेलं होतं. पंख धरायचा नाही, पाय धरायचा नाही, टाचणी धरायची. त्या दिवशी तिच्या हातून एक पाय मोडला होता, आणि सर रागावले नव्हते. म्हणाले होते, मोडला ते लिहून ठेव.

“नाही लावणार,” ती म्हणाली.

“कारण?”

“या माश्या नराची वाट बघत मेल्या नाहीत, सर. मेल्यावर तुम्ही त्यांना वाट बघायला लावलंत.”

...

भिसेकाकांनी पेन्सिल खाली ठेवली. ती टेबलावरून घरंगळली, जमिनीवर पडली, आणि त्यांनी ती उचलली नाही.

सर चिमटी धरून तसेच उभे होते.

खिडकीच्या फटीतून धुकं आत येत होतं. कपाटाच्या काचेवर ओल धरू लागली होती. ड्रॉवर अजून उघडाच होता.

ऋजुताने डबी पिशवीत घातली. जाता जाता, सवयीने, ती खाली वाकली. ड्रॉवर मिटण्यासाठी तिने हात पुढे केला.

“राहू दे,” सर म्हणाले. “उघडाच राहू दे.”