किंकाळीचे भाषांतर

एकदा एक वृद्ध धर्मगुरू सीमेवरच्या डोंगरात, एका लहानशा मठात, आपल्या शिष्यासह राहत होते. युद्ध पेटले आणि एका सकाळी एक कप्तान आपली तुकडी घेऊन मठाच्या अंगणात उतरला. सोबत पकडलेला एक शत्रुसैनिक होता. पुढच्या घाटवाटेत पेरलेले सुरुंग नेमके कुठे आहेत, हे त्याला ठाऊक असावे असा कप्तानाचा कयास होता. पण त्याची भाषा तुकडीत कोणालाच येत नव्हती. शिष्याचे आजोळ सीमेपलीकडचे, त्यामुळे त्याला ती येत होती.

"याला वेतानं बोलता करतो. दुभाष्या म्हणून तुमचा शिष्य द्या," कप्तान म्हणाला.

"कप्तान, हे पाप आहे. करू नका."

"उद्या माझी तीस पोरं त्या वाटेनं जाणार आहेत, फादर. त्यांच्या आयांना मी काय सांगू? पाप माझ्या माथी."

कप्तान दुष्ट नव्हता, हे लक्षात घ्या. गोष्ट दुष्टांपुरतीच असती, तर ती सांगण्याचे श्रम मी घेतले नसते.

धर्मगुरू शिष्याकडे वळून म्हणाले, "जा. पण त्याच्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द सांग. किंकाळीसुद्धा गाळू नकोस."

शिष्य चक्रावला. पाप म्हणायचे आणि वर पाठवायचेही? तरी तो गेला.

मठाच्या कोठारात कैद्याच्या तळपायांवर पहिला वेत बसला. कैदी ओरडला.

"काय म्हणाला? जागा सांगितली?"

"'आई, आई गं,' म्हणाला."

दुसरा वेत बसला. शिष्याने तेही सांगितले. "'आई, मला घेऊन जा गं इथून.'"

"कामाचं तेवढं सांग!"

"एकही शब्द गाळायचा नाही, असं फादरांनी बजावलंय."

कप्तानाचा हात तिसऱ्यांदा वर गेला आणि तसाच हळूहळू खाली आला. वेत टाकून तो बाहेर पडला. कैद्याला मठात ठेवून त्याने तुकडी डोंगराला वळसा घालून नेली. दोन दिवस जास्त लागले, पण तीसही जण सुखरूप पोहोचले. कैद्याला सुरुंगांची माहिती होती की नाही, हे कोणालाच कधी कळले नाही.

तुकडी गेल्यावर शिष्याने विचारले, "फादर, तुम्ही मला पाठवलंत तरी का?"

"मी अडवलं, त्यानं ऐकलं नाही. तू गेला नसतास तरी वेत चाललाच असता, आणि ती किंकाळी नुसता आवाज राहिली असती. आवाजाला मारणं सोपं असतं रे. प्रभूनंही वधस्तंभावर आपल्या मायबोलीत टाहो फोडला. खाली उभ्या असलेल्या शिपायांना तो कळला नाही. तिथं एखादा दुभाष्या असता तर, असं मला आयुष्यभर वाटत आलंय. आज होता."

तेलाची वाटी घेऊन शिष्य ते कैद्याच्या पायांना लावायला कोठाराकडे गेला.

युद्ध कोणाचेही असो, हे दुभाष्याचे काम कधी ना कधी आपल्याही वाट्याला येते.