पोळकड्यावरचा दुसरा हिसका

उंबरखोऱ्याच्या डोक्यावर जो काळा, सरळ कडा दिसतो त्याला पोळकडा म्हणतात. चैत्रात खालून बघितलं तर कड्याला घोंगड्या वाळत घातल्यासारखं दिसतं. ती आग्या मोहोळं. एकेक पोळं एवढं मोठं की माणसाच्या कवेत मावत नाही. माथ्यावर एक जुनी जांभूळ आहे आणि तिच्यासमोर, कड्याच्या अगदी ओठावर, दगडात मनगट बसेल एवढी खाच पडली आहे. दोर घासून घासून पडलेली.

पाहुणे मध घ्यायला येतात तेव्हा आधी आमच्याकडे संशयानं बघतात. कोणी काडी बुडवून पेटवून बघतं, कोणी पाण्यात थेंब सोडतं, कोणी विचारतं, गुळाचा पाक तर नाही ना? त्याचा आम्हाला राग येत नाही. माणसानं विचारावं. पण एखाद्या बाईनं मधाचं बोट कडेवरच्या तान्ह्याच्या ओठाला लावायला नेलं, की वाडीतली जी कोणी बाई जवळ असेल ती झटकन तिचा हात धरते. ओळख नसली तरी धरते. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटतं. "विकायला चांगला, आणि लेकराला चालत नाही होय?" असं एक बाई मला तोंडावर म्हणाली होती.

अशांना आम्ही धाकूबाबांच्या ओट्यावर नेऊन बसवतो. धाकूबाबा वाडीतले सगळ्यात म्हातारे. ते मावजीच्या वंशातले, म्हणून त्यांचं सांगणं थोडं मावजीच्या बाजूला कलतं, हे धरूनच ऐकायचं. ठमीच्या माहेरची माणसं पलीकडच्या खोऱ्यात राहतात, ती काही गोष्टी वेगळ्या सांगतात. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे मी दोन्ही लिहिलं आहे.

फार मागं, वाडी सात घरांची होती तेव्हा, कड्यावरून मध काढायचा मान एकाच घराचा होता. त्या घरात दोन भाऊ. थोरला लुमा, धाकटा मावजी. मावजी वेलाच्या शिडीवरून कड्याला उतरायचा आणि लुमा वर दोर धरून बसायचा. माणूस शिडीवर असायचा. दोर असायचा धुरासाठी. ओल्या पाल्याचा धुमसता भारा दोराला बांधून पोळ्याजवळ सोडायचा. धूर असेपर्यंत माश्या बाजूला राहतात. भारा विझत आला की खालचा माणूस दोराला एक हिसका देणार, त्याचा अर्थ नवा भारा तयार ठेवा. दुसरा हिसका दिला की जुना वर ओढा आणि नवा सोडा, ताबडतोब. खालच्या माणसाचा जीव त्या दुसऱ्या हिसक्यावर असतो.

ठमी ही थोरल्या लुमाची बायको. तेव्हा आमच्याकडे अशी रीत होती म्हणे, की मूल सव्वा महिन्याचं झालं की त्याला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आणायचं आणि सूर्यासमोर मध चाटवायचा. मध आणायचा चुलत्यानं. ठमीला पहिली मुलगी झाली. मावजीनं मध आणला, चाटवला. पाच-सहा दिवसांनी पोरगी अंगावर प्यायची थांबली. पापण्या खाली पडल्या. मान धरेना. रडणं इतकं बारीक झालं की मांजराचं पिल्लू कुठे अडकलंय असं वाटावं. मावजी रोज कड्यावर जाऊन ताजा मध आणी आणि ताकद यावी म्हणून तिला चाटवी. पोरगी गेली. सुईण म्हणाली, "सटवीनं एवढंच लिहिलं व्हतं गं." ठमीनं ऐकून घेतलं.

दोन वर्षांनी मुलगा झाला. सव्वा महिना, मध, आणि पुन्हा तसंच. पापण्या, मान, ते बारीक रडणं. या वेळी सुईण तेच म्हणाली तेव्हा ठमीनं ऐकून घेतलं नाही. "सटवी काय माझ्याच दाराशी बसून लिव्हती का?" ती म्हणाली.

एकदा संशय आला की माणसाला सगळं दिसायला लागतं. ठमीला दिसलं की मावजी वाडीचा मध एका मडक्यात आणतो आणि तिच्या बाळाचा मात्र वेगळ्या तुंबड्यात, म्हणजे वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात. ते तुंबडं तो कुणाच्या हाती देत नाही. दिसलं की मावजीचे तिन्ही पोरगे त्याच कड्याचा मध चाटून टणाटणा उड्या मारतात. आणि हे तर वाडीच बोलायची, की लुमाला वारस नसला तर कड्याचा मान मावजीच्या पोरांकडे जाणार. पाणवठ्यावर बाया मावजीच्या बायकोला हसून म्हणत, "तुझं बरंय बाई, तुझ्या घरात पाळणा बी हलतोय अन् कडा बी चालून येतोय." बोलणाऱ्या बोलून जात. ठमी हंडा भरून घरी येई आणि रात्रभर तेच चघळत बसे.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. ठमीनं त्या मुलीला दुसऱ्या कुणाच्या मांडीवर दिलं नाही. मागच्या वेळचं तुंबडं आढ्याला लटकत होतं, तळाशी थोडा मध होता. एक दिवस दीर जेवायला आला तर तिनं ते काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"भावजी, चाटा."

मावजीनं बोट घालून चाटलं. "गोड हाय की वैनी. का गं?"

"काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी मावजी कुदळ घेऊन शेतात, धडधाकट. मग तिनं भाकरीला लावून कुत्र्याला घातलं. कुत्रंही शेपटी हलवत दारात. दुसरी एखादी बाई इथे थांबली असती. ठमीचा संशय उलट वाढला. मधात काही नाही, तर मग हा माणूस मध काढताना काही करतो. काही पुटपुटतो. काही घालतो आणि ते लहान जिवालाच लागतं. नाहीतर दोनदा एकसारखं का व्हावं?

सव्वा महिना भरायच्या आदल्या दिवशी लुमा पाहुण्यांना आणायला तिच्या माहेरी गेला होता. दोर धरायला कोणी नव्हतं. मावजी म्हणाला, शेजारच्या गड्याला बोलावतो. ठमी म्हणाली, "घरचा दोर घरातच ऱ्हाऊ द्या. मी येते." मुलगी सुईणीच्या ताब्यात दिली आणि बजावलं, मी येईपर्यंत हिच्या तोंडात वाटीत काढून ठेवलेल्या माझ्या दुधाशिवाय थेंब जाता कामा नये. मावजीला बरं वाटलं, असं धाकूबाबा सांगतात. भावजय दोन वर्षांनी आपल्याशी नीट चार शब्द बोलली म्हणून.

उन्हं वर यायच्या आत दोघं कड्यावर पोचली. मावजीनं शिडी जांभळीला बांधली, दोर ठमीच्या हातात दिला, हिसक्यांचा अर्थ दोनदा समजावला. ती म्हणाली, "कळलं." तो उतरला. धूर लागला, माश्या उठल्या, कड्याचा आवाज बदलला. मावजी पोळ्याशी पोचला आणि कोयता लावणार, तेवढ्यात वरून हाक आली.

"भावजी, माझ्या लेकरांच्या मधात काय घालत व्हता?"

तो आधी समजला की वारा आहे. तिनं पुन्हा विचारलं.

"काय बोलतेस वैनी?"

"येगळं तुंबडं कशापायी?"

"चांगल्यातला चांगला मध काढायचो तुझ्या पोरांला! अगदी वरचा, जुना, दाट. आमच्या पोरांनी साधाच चाटलाय!"

"माझ्या पोरीची मान पडली तवा रोज आणत व्हतात त्यो?"

"त्योच! जास्ती देत व्हतो. ताकद यावी म्हनून!"

इथे त्यानं दोराला पहिला हिसका दिला. भारा विझत आला होता. ठमीनं नवा भारा हात लावायच्या अंतरावर तयार ठेवलेला होता, हे दोन्हीकडचे लोक मान्य करतात. मग दुसरा हिसका आला. ठमीनं दोर ओढला नाही. ती म्हणाली, "आधी खरं सांगा."

धाकूबाबा म्हणतात, तिनं ठरवूनच धरून ठेवला. माहेरचे म्हणतात, रडण्याच्या भरात तिला दुसरा हिसका कळलाच नाही, पहिल्यांदाच दोर धरत होती बिचारी. मला विचाराल तर, दोनदा समजावलेलं कळत नाही अशी ती बाई नव्हती.

मावजीला त्याच वेळी शिडीवरून वर येता आलं असतं. माश्या अजून थोड्याच होत्या. पण त्याला प्रश्न लागला होता. आपण दिलेल्या मधानंच तर नाही? आयुष्यभर त्यानं पोळी कापली होती, पण कापणारा काय बघतो, तर वरचा मधाचा भाग. खालचा पिलांचा भाग तो आधी छाटून दरीत टाकायचा. न बघता. त्या दिवशी हात थांबलेला होता म्हणून त्याची नजर पहिल्यांदा त्या खालच्या भागावर ठरली. कोयत्याच्या टोकानं त्यानं काही घरं उघडली. मध एवढा जवळ, वर गच्च भरलेला, आणि अगदी लहान पिलांच्या घरात मधाचा थेंब नाही. पांढरं, दुधासारखं काहीतरी, आणि त्यात ती पिलं बुडून पडलेली. पिवळसर खाणं होतं ते जरा वाढलेल्या पिलांच्या घरात.

तो ओरडला. ते शब्द आमच्या वाडीत सगळ्यांना पाठ आहेत.

"वैनी, माशी आपल्या तान्ह्याला मध देत न्हाय गं! दूध देतीया, दूध! मोठं झाल्यावर मध! आपून उलटं केलं!"

धूर संपला होता. माश्या त्याच्यावर बसल्या.

तेव्हा ठमीनं दोर ओढला, भारा सोडला, दुसरा सोडला, तिसरा सोडला. हाताची सालटी निघेपर्यंत ओढत राहिली. मावजी चाचपडत शिडी चढला. वर आला तेव्हा डोळे सुजून मिटले होते, तोंड ओळखू येत नव्हतं. दातात पोळ्याचा तुकडा धरलेला होता. पिलांचा. तो त्यानं तिच्या ओच्यात टाकला आणि म्हणाला, "बघ. म्या काय घातलं न्हवतं."

"बघितलं भावजी," ती म्हणाली. "उगा ऱ्हावा आता."

"उद्या पोरीला देऊ नगंस. वर्स भरू दे. शब्द दे."

तिनं जांभळीला हात लावून शब्द दिला. दिवस मावळायच्या आत मावजी गेला.

लुमा पाहुण्यांना घेऊन आला तो भावाच्या मातीला. वाडीनं ठमीला विचारलं, काय झालं. ती लपवू शकली असती, कड्यावर तिसरं कोणी नव्हतं. तिनं सगळ्यांसमोर, मावजीच्या बायकोसमोर सांगितलं: "दुसरा हिसका आला व्हता. म्या ओढला न्हाय." मावजीच्या बायकोनं तिच्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मला का न्हाय इचारलंस गं? तुंबडं मीच घासून देत व्हते."

ठमीच्या मुलीला वर्षभर मध दिला नाही. ती जगली, बोलायला लागली, आईशी भांडायलाही लागली. मग वाडीतल्या बायांनी आपापल्या घरी आठवून बघितलं. कुणाचं गेलेलं पोर कधी मध चाटलं होतं, आणि ज्या साली पावसानं पोळीच बसली नव्हती त्या सालची पोरं कशी सगळी वाचली होती. पुढच्या मुलाच्या सव्वा महिन्याला कुणी तुंबडं बाहेर काढलं नाही. तेव्हापासून मूल वर्षाचं झाल्याशिवाय त्याच्या जिभेला मध लावायचा नाही. मोठ्यांना खोकल्याला, भाजल्याला, जखमेला आमच्याकडे मधच लागतो, त्यावर कुणाचा राग नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईही हल्ली तान्ह्याला मध देऊ नका म्हणून सांगतात. आमच्याकडे त्यांना ते फार समजावावं लागत नाही.

कड्याचा मान मावजीच्या पोरांकडे गेला. ठमीनंच तसं सांगितलं. आणि दोर? दोर धरायला मावजीच्या थोरल्या पोरानं तिलाच बोलावलं. वाडी म्हणाली, याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला दोराची किंमत कळंल तिच्याएवढी?" हे त्याचं मोठेपण की तिला दिलेली शिक्षा, यावरही दोन मतं आहेत. ती म्हातारी होईपर्यंत येत राहिली, आणि माणूस शिडीवर असताना एक शब्द बोलली नाही.

आजही पोळकड्यावर माणूस उतरायच्या आधी दोर धरणारी बाई जांभळीखाली उभी राहून मोठ्यानं विचारते, "कुणाला काय इचारायचंय?" मग ज्याच्या पोटात जे असेल ते तो तिथेच काढतो. मध वाटण्यात डावं-उजवं केलं का, माझ्या दारावरून न बोलता का गेलास, काहीही. उतरणारा उत्तरं देतो, कधी शिव्या देतो, कधी सगळे हसतात. एकदा तर उन्हं वर येईपर्यंत विचारणं संपलं नाही आणि त्या दिवशी मधच काढला नाही. पण त्याचा पाय शिडीवर पडला की सगळी तोंडं बंद. ज्याचं विचारायचं राहिलं असेल त्यानं तो वर येईपर्यंत गिळून बसायचं. माश्यांच्या आवाजाशिवाय माथ्यावर काही ऐकू येत नाही. बाईची नजर दोरावर, दोर खाचेत. आणि दुसरा हिसका आला आणि भारा वर गेला नाही, असं त्यानंतर आजपर्यंत एकदाही झालेलं नाही.