हातमोजे घालून आणलेली गिटार

“...म्हणजे एकदाही नाही?” इनास मास्तरांनी विचारलं.

“एकदाही वाजवलेली नाही, मास्तर. तेच तर तिचं मोल आहे.”

उन्मेष तेंडोलकरने पेटीचे खटके उघडले. खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून हातांत चढवले आणि तांबडी इलेक्ट्रिक गिटार बाहेर घेतली. बारशाच्या दिवशी पाहुण्यांना बाळ दाखवतात, तशी.

मास्तरांनी एकेकाळी पणजीपासून कोल्हापूरपर्यंत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली होती. आता ते सावंतवाडीत, चर्चमागच्या एका खोलीत राहत. जुन्या गिटारीबद्दल त्यांनी ‘चांगली आहे’ एवढं म्हटलं की मुंबईचे शौकीन पुढचं काही विचारत नसत. उन्मेषला गिटार विकायचीच होती असं नाही. पण विकली तर काय येईल हे कळल्याशिवाय त्याला तिचा आनंद होत नव्हता.

आणि खरं म्हणजे तो त्याहून मोठ्या गोष्टीसाठी आला होता. मास्तरांची स्वतःची एक चाल होती. ती त्यांनी कधी कुणाला ऐकवलेली नव्हती. उन्मेष त्यांच्याकडे शिकायला यायचा तेव्हा त्यांनी शब्द दिला होता, “तुझी स्वतःची गिटार घेऊन ये, मग बघू.” आता मास्तरांना चार पावलांत धाप लागत होती, आणि चाल काही मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.

“कुठं मिळाली?”

“वास्कोला. बोटीवरच्या एका अधिकाऱ्याने साठच्या दशकात अमेरिकेहून मुलासाठी आणली होती. मुलगा पाद्री झाला.”

“गिटार वाचली,” मास्तर म्हणाले.

उन्मेष एकेक दाखवत गेला. दांडीवरचे धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट, कोरे. पुढच्या पांढऱ्या पट्टीवर कारखान्यातला पातळ प्लॅस्टिकचा कागद अजून चिकटलेला. खुंटीला दुकानाची चिठ्ठी. तारासुद्धा मूळच्याच, गंजलेल्या, पण मूळच्या.

“जशीच्या तशी आहे, मास्तर. एक ओरखडा नाही.”

मास्तरांची गिटार कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. उजव्या हाताखालचा रंग उडून लाकूड उघडं पडलेलं, टोकाला सिगारेटचा डाग, एक बटण कुठल्याशा रेडिओचं. उन्मेषने तिच्याकडे हळहळून पाहिलं.

“राग मानू नका, पण तुम्ही तुमचीही अशीच जपली असती तर आज...”

“आणि ऑर्केस्ट्रात काय वाजवलं असतं? पेटीचं झाकण?”

उन्मेष हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

“बघू.”

उन्मेषने दुसऱ्या खिशातून हातमोज्यांची आणखी एक जोडी काढली. “तेवढे हे घाला. घाम लागला की...”

मास्तरांनी हातमोजे उलटसुलट करून पाहिले. मग बोट न् बोट नीट बसवत घातले. गिटार मात्र घेतली नाही.

“तूच वाजव.”

“नाही हो! तार तुटली तर मूळची तार गेली. पडद्यावर साधी खूण उमटली तरी...”

मास्तरांनी त्याचा डावा हात ओढून घेतला, हातमोजा उतरवला आणि त्याची बोटांची टोकं दाबून पाहिली.

“घट्टे गेले तुझे.”

“वेळच मिळत नाही, मास्तर. इकडची दमट हवा. हिची खोली सारखी कोरडी ठेवावी लागते.”

“हं...”

मास्तरांनी त्याचा हात सोडला.

“चांगली आहे ना?” उन्मेषने शेवटी विचारलं.

“चांगली आहे.”

उन्मेषचा जीव भांड्यात पडला. मग तो पुढे सरकला. “आणि ती चाल? तुम्ही शब्द दिला होता. आता माझी स्वतःची गिटार आहे.”

“दिला होता,” मास्तर म्हणाले. “बस.”

त्यांनी कोपऱ्यातली आपली गिटार मांडीवर घेतली. स्पीकर चालू केला. तो घुमू लागला. उन्मेषने घाईघाईने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो मास्तरांच्या पायाशी ठेवला आणि श्वास रोखला.

मास्तरांनी पांढऱ्या हातमोज्यातला डावा हात दांडीवर ठेवला. उजवा तारांच्या वर, अगदी जवळ, अधांतरी धरला. डोळे मिटले.

स्पीकर घुमत राहिला...

बाहेर कुणीतरी मासेवालीशी घासाघीस करत होतं. घासाघीसही संपली. मासेवाली पुढे गेली...

मास्तरांनी डोळे उघडले. स्पीकर बंद केला, गिटार जागेवर ठेवली. हातमोजे काढून त्यांची नीट घडी घातली आणि उन्मेषच्या हातात दिली.

उन्मेष मोबाईलकडे पाहत होता. मग मास्तरांकडे.

“मास्तर... मला काहीच ऐकू आलं नाही.”

“चालही जशीच्या तशी आहे,” मास्तर म्हणाले. “एक ओरखडा नाही.”