न टिपलेले रंग

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराकडे त्याचा जुना शिष्य आला. सहा महिन्यांपूर्वी या शिष्याची पत्नी सुमेधा अपघातात गेली होती. तेव्हापासून त्याने काम सोडले होते. दारही कुणाला उघडत नव्हता. संगणकावर तिचे शेवटचे छायाचित्र लावून बसून राहायचा.

“गुरुजी, आता एवढीच ती उरली आहे,” तो म्हणाला. “पण यात ती जशीच्या तशी आहे.”

गुरुजींनी मूळ फाइल मागून घेतली, आपल्या संगणकावर उघडली आणि रंग जुळवणारी क्रिया बंद केली. सुमेधाचा चेहरा विस्कटला. पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या बारीक चौकटींची काळपट, हिरवट जाळी उरली.

शिष्य ताडकन उठला. “हे काय केलंत?”

“काही नाही. कॅमेऱ्याने टिपलं ते एवढंच. त्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते. तिथे एकच रंग नोंदला जातो. उरलेले दोन आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतात.”

“म्हणजे हा चेहरा खोटा?”

“खोटा नाही. पण एकट्या बिंदूला तो कधीच दिसला नसता. तुझ्याही वाट्याला सुमेधाचा एकच रंग आला, बाळा. तिची आई दर आठवड्याला तुझ्या दारावरून परत जाते. तिच्याकडे दुसरा असेल.”

“विचारलं तर सुमेधा परत येईल?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “आणि जे कुणीच पाहिलं नाही, ते तर कायमचं गेलं.”

शिष्य तिथून थेट सासूबाईंकडे गेला. त्यांनी काही न विचारता त्याला आत घेतले, चहा ठेवला. बोलता बोलता म्हणाल्या, “लहानपणी नदीवरून घरी यायलाच तयार नसायची. भर पुरात पैलतीर गाठलं होतं तिने एकदा.”

“तिला पोहता येत होतं?”

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

नऊ वर्षांच्या संसारात त्याने तिची हजारो छायाचित्रे काढली होती. हे मात्र त्याने कधी विचारले नव्हते. त्याने कप खाली ठेवला. आत काही हलके झाले नाही. उलट, आपण किती गमावले हे त्याला आता कुठे कळू लागले होते.

“अजून सांगा,” तो म्हणाला.