ओंजळ कुणाची?

खिंडीच्या अलीकडच्या जंगलात एक खार राहत असे. तिच्याकडे चारोळी मुबलक होती. पण पिलांची पावसाळ्याची बेगमी व्हायची ती खिंडीपलीकडे चारोळी देऊन मिळणाऱ्या मोहाच्या सुक्या फुलांवर. वाटेत जकातीला अस्वल बसे. लहर आली तर चिमूटभर घेई, डोके फिरले की अर्धी झोळी रिकामी करी. आपण बाजाराला निघालो की जुगाराला, हे बिचारीला कधी कळत नसे.

अखेर धीर करून ती म्हणाली, "अस्वलदादा, कमी घ्या, हवं तर काहीच घेऊ नका, पण जास्तीत जास्त किती, ते एकदा ठरवून टाका."

"एका ओंजळीवर दाणा घेणार नाही. दिला शब्द!" अस्वल म्हणाले.

खारीला आभाळ ठेंगणे झाले. होती नव्हती ती सगळी चारोळी घेऊन ती निघाली. अस्वलाने दोन्ही पंजे जोडून ओंजळ भरली, आणि झोळीच्या तळाशी जेमतेम चार दाणे उरले. खार रडत परतली ती पुन्हा खिंडीकडे फिरकलीच नाही.

पलीकडे चारोळी मिळेना, मोह पडून कुजू लागला. सगळे अस्वलावर करवादले, तेव्हा स्वारी खारीच्या झाडाखाली हजर झाली. "मी शब्द मोडला का? ओंजळभरच घेतली ना?"

"नाही मोडलात, दादा. चूक माझीच. ओंजळ कुणाची, ते मी विचारलं नाही. तुमच्या ओंजळीत माझं घरदार मावतं हो!"

अस्वल वरमले. दोघांनी एक करवंटी शोधून खिंडीच्या तोंडाशी सर्वांना दिसेल अशी टांगली. जकात घ्यायची ती करवंटीच्या आत. त्याहून जास्त हवी असेल, तर बदल्यात खारीला तेवढ्याच मोलाची दुसरी सवलत द्यायची.

पुढल्या वर्षी पलीकडेही चारोळी लगडली. "खारीला अडव, आपला माल खपू दे," भाईबंद अस्वलाच्या मागे लागले. करवंटी टांगल्यापासून चिमटीवर भागवणाऱ्या अस्वलाने त्या दिवशी करवंटी काठोकाठ भरली. पंजा आणखी एकदा झोळीकडे वळला, करवंटीकडे पाहून थबकला, आणि मागे आला.

"जा," ते पुटपुटले.

खारीला वाईट वाटले, पण धक्का बसला नाही. फार तर किती जाईल, हे तिने घरीच धरले होते. म्हणून तर त्या दिवशीही ती पिलांना छातीठोकपणे सांगून निघाली होती, "संध्याकाळी मोह आणते."

तात्पर्य : घेणाऱ्याने आपली मर्यादा दोघांनाही दिसेल अशा मापाने बांधावी, तरच देणारा उद्याचा भरवसा धरून घराबाहेर पडतो.