तालमीतली मुकी जमीन

“मग आता येतोय का आवाज? सांगा की, वस्ताद.”

निवासनं पुन्हा टाच आपटली. लाकडाची नवी जमीन दगडासारखी गप्प राहिली.

बाबालाल वस्ताद तालमीच्या उंबऱ्यातच उभे होते. चपला काढल्या होत्या, पण पाऊल आत टाकलं नव्हतं.

तालमीत आधी शहाबादी फरशी होती. तिच्यावर उड्या मारून मारून निवासच्या बहिणीचा, केसरचा, गुडघा दुखावला. आणखी एक हिसका बसला तर पोरीचं खेळणं संपलं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा वस्तादांनी सगळ्यांच्याच उड्या थांबवल्या. अंग झेलणारी लाकडी जमीन होईल, तेव्हाच पोरं उडतील, असं त्यांनी बजावलं.

निवास सुताराचा पोरगा. त्यानं काम एकट्यानं अंगावर घेतलं. खाली रबराचे तुकडे, त्यांवर लाकडी पट्ट्या, त्यांवर आडव्या पट्ट्या, सगळ्यांत वर फळ्या. भिंतीकडेनं, लाकडाला सरकायला, बोटभर फट. वस्तादांनी सांगितलं तसंच त्यानं केलं, आणि जमीन उभ्या गड्याखाली हलकेच दबू लागली.

मग आळीतले सुतार बघायला आले. माळा घातला की त्यावर टाच आपटून बघायची, पोकळ वाजला तर कारागीर कच्चा, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी टाचा आपटल्या. एक म्हातारा हसत म्हणाला, “बापानं दारं केली, पोरानं ढोल केला.”

निवासच्या ते जिव्हारी लागलं. त्यानं फळ्या पुन्हा उचलल्या, प्रत्येक पट्टीखाली बाभळीच्या पाचरी ठोकल्या आणि भिंतीकडची फटही बुजवून टाकली. जमीन वाजायची थांबली, आणि दबायचीही.

उद्या केसर पहिली उडी मारणार होती.

“खाली काय घातलंस?” वस्तादांनी विचारलं.

“पाचरी.”

“आणि फट?”

“बुजवली. आता बोट दाखवायला जागा नाही, वस्ताद.”

वस्ताद आत आले. कोपऱ्यातला, उड्या मारायचा उंच लाकडी घोडा त्यांनी ओढून मधे घेतला आणि गुडघ्यावर हात टेकत टेकत त्यावर चढले. सत्तरी उलटलेला माणूस.

निवासला वाटलं, छताचा वासा बघत असतील.

“केसरच्या आधी मी,” वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी उडी घेतली.

निवास कसा धावला ते त्यालाच कळलं नाही. म्हातारं अंग त्यानं छातीवर झेललं. गुडघे वाकले, हात खाली गेले, तोल जाऊन तो मागं सरकला आणि अलगद त्यांना घेऊन खाली बसला.

…

वस्ताद त्याच्या हातांतून सुटून फळ्यांवर बसले.

“मधे का आलास?”

“लागलं असतं तुम्हाला.”

“कशाचं? तुझ्याच हातची जमीन आहे की.”

निवासनं फळ्यांवरून हात फिरवला. उद्या आपली पाठची बहीण याच फळ्यांवर पडताना त्याला डोळ्यांसमोर दिसली, आणि तेव्हा मधे धावायला कुणी नव्हतं.

“मला धरलंस तेव्हा वाकलास,” वस्ताद म्हणाले. “मागंही सरलास.”

“हो.”

“मग वाकलास म्हणून तू कच्चा का?”

…

निवास उठला. पहार आणली, भिंतीकडच्या पहिल्या फळीखाली घातली, आणि तिथंच थांबला.

“पण वस्ताद… परत वाजेल ती. आळीतली माणसं मला हसतील.”

वस्तादांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूहळू उभे राहिले.

“वाजू दे. ज्याच्या अंगावर पोर पडतं, त्यानं गप्प राहू नये.”